मेरी स्लेसर : गिरणीकामगार मुलगी ते कालाबारची मा

स्मरणिकेसाठी यंदा प्रत्येकीने एकेका थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले. मला त्या दिवशी पाणी उशिरा आल्यामुळे पोहोचायला वेळ झाला. तोवर जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही सारी नावे इतर भगिनींनी घेऊन टाकली होती. मी हिरमुसली होऊन घरी आले. माझ्या दोन्ही मुली जुळ्या आहेत हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. त्यांतली थोरली, म्हणजे सात मिनिटांनी थोरली, त्या वेळी कॉलेजातून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली होती. ती म्हणाली की आई, तू ह्या बाईवर लिही, ही गिरणीत काम करणारी होती आणि हिने जुळ्या मुलांना वाचवले. मग पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी तांदूळ निवडावेत आणि तिने वाचून मराठीत अर्थ सांगावा असा आमचा क्रम चालला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा चुकलेमाकले असेल ते भगिनींनी पदरात घ्यावे.

त्या बाईचे नाव मेरी स्लेसर. तिचा जन्म 2 डिसेंबर 1848 रोजी स्कॉटलंड देशात अ‍ॅबर्डीन शहराजवळ झाला. सात भावंडांत ही दुसरी. वडील चांभारकाम करीत. हात चांगला, पण दारूचे व्यसन. त्यापायी काम सुटले आणि सारे बिऱ्हाड डंडी या गिरण्यांच्या गावी आले. डंडी पुढे तागाच्या कापडासाठी प्रसिद्ध झाले, आणि तो कच्चा ताग आपल्या बंगालमधून जहाजांत भरून तिकडे जात असे. मेरीची आई साच्यावर काम करू लागली. मेरी अकरा वर्षांची झाली तेव्हा तिलाही बॅक्स्टर बंधूंच्या गिरणीत घातले. अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस गिरणीच्याच शाळेत, अशी तिकडे मुलांची रीत होती. चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा अशी पूर्ण पाळी सुरू झाली.

आमच्या आजेसासूबाई लालबागला गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. भोंगा, खात्यातली उष्ण दमट हवा, नाकातोंडात जाणारा कापूस, हे त्या मला सांगत असत. पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहत, कारण नवरा घरी येईतो पाकीट रिकामे होण्याची धास्ती, हेही सांगत. म्हणून मेरीच्या घरची शनिवारची हकीकत थोरली वाचू लागली तेव्हा मला ती परक्या मुलखातली वाटेना. शनिवारी रात्री आई आणि मेरी वाट पाहत बसत. आईने आपल्या पोटाला चिमटा घेऊन नवऱ्यासाठी जेवण राखून ठेवलेले असे. तो झिंगून येई आणि ते अन्न विस्तवात फेकून देई. कधी मेरीला रात्रीची घराबाहेर काढी, आणि ती रस्त्यावर रडत उभी राही. घरातली वस्तू गहाण टाकायची वेळ आली की मेरीच गुपचूप जाऊन टाकून येई. हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मायलेकी जिवाचे रान करीत. पुढे वडील वारले. भाऊही एकामागून एक गेले. घराचा सारा भार आई, मेरी आणि दोन बहिणींवर येऊन पडला.

आई देवभक्त होती. त्यांच्या चर्चचे एक मासिक निघे, त्यात परदेशी गेलेल्या मिशनऱ्यांच्या हकिकती येत. त्या आई मुलांना वाचून दाखवी. त्यांत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कालाबार हे नाव पुन्हापुन्हा येई. आज तो भाग नायजेरिया देशात आहे. तिथले मिशन 1846 साली सुरू झाले, आणि त्याचे मूळ जमेकात होते, ही गोष्ट मला फार नवलाची वाटली. जमेका बेटावरचे काळे लोक गुलामगिरीतून सुटले होते. आपल्या पूर्वजांच्या देशात धर्माचा निरोप पोहोचवावा असे त्यांच्या मनात आले, आणि तिथल्या चर्चमधून माणसे निघाली. परदेशी मिशनरी म्हटला की गोराच डोळ्यांपुढे येतो, पण तसे नव्हते. ह्या जमेकाच्या लोकांतली एक फुलरबाई पुढे शेवटी पुन्हा येणार आहे, तेव्हा तिचे नाव लक्षात असू द्यावे.

मेरी साच्यावर पुस्तक उघडे ठेवून काम करता करता वाची. डॉक्टर लिव्हिंग्स्टन हे आफ्रिकेचे मोठे मिशनरी, तेही लहानपणी गिरणीतच होते आणि असेच वाचत. चर्चच्या वतीने डंडीच्या गलिच्छ गल्ल्यांतील मुलांचा वर्ग ती चालवी. एका संध्याकाळी टवाळ पोरांनी तिला अडवले. एकाने दोरीला शिशाचा गोळा बांधून तो तिच्या तोंडाभोवती गरगर फिरवायला सुरुवात केली. गोळा कपाळाला घासून जाऊ लागला तरी ती हलली नाही. आपण हललो नाही तर सगळ्यांनी वर्गाला यायचे अशी तिची अट होती. पोरे हरली आणि वर्गात येऊन बसली.

1874 च्या आरंभी लिव्हिंग्स्टन वारल्याची बातमी तिकडे पोहोचली. तेव्हा मेरीने मिशनकडे अर्ज केला. आईने परवानगी दिली. कमावती मुलगी डोळ्यांआड करायची म्हणजे काय असते ते लिहिणाऱ्याला एका ओळीत लिहिता येते, आईला ते वर्षानुवर्षे सोसावे लागते. मेरीला वर्षाला 60 पौंड पगार ठरला, आणि त्यातला मोठा भाग ती घरी पाठवी. 5 ऑगस्ट 1876 रोजी लिव्हरपूल बंदरातून तिचे जहाज निघाले. धक्क्यावर तिने पाहिले तर जहाजात दारूची पिंपेच पिंपे चढवली जात होती, आणि मिशनरी मात्र ती एकटी. दारूने आपले घर कसे पोखरले ते जिने पाहिले होते, तिला ते पाहून काय वाटले असेल!

(लिहिता लिहिता मनात आले की एवढ्या मोठ्या बाईला अहोजाहो करावे. पण पंधरा दिवसांत ती आमच्या घरचीच झाली, म्हणून एकेरीतच लिहिते.)

पहिली वर्षे मी थोडक्यात सांगते. ड्यूक टाउन येथे मिशनच्या शाळेत शिकवणे, एफिक भाषा शिकणे, हिवतापाने अंथरूण धरणे, मग मायदेशी विश्रांती आणि पुन्हा परत, असे चालले. भाषा तिला इतकी उत्तम येऊ लागली की तिथल्या बायका चकित होत. गोऱ्या लोकांचे जाड कपडे, बूट, टोपी हळूहळू सुटले. केस कापले, अनवाणी चालू लागली, तिथले लोक खात ते खाऊ लागली. खर्च वाचे आणि पैसे आईला जात, हेही एक कारण होते.

आता जुळ्यांची गोष्ट. त्या मुलखात अशी समजूत होती की जुळे जन्मले म्हणजे त्यातले एक मूल भुताचे. कोणते ते कळत नाही, म्हणून दोघांनाही मारावयाचे, किंवा मडक्यात घालून रानात टाकावयाचे. आईला घराबाहेर काढावयाचे. तिच्या सावलीचाही विटाळ. किनाऱ्यावरच्या राजांनी ही चाल बंद करण्याचे मान्य केले होते, पण आतल्या रानात कोण ऐकतो! मेरी अशी टाकलेली मुले उचलून आणू लागली. एक मुलगी तर तिने पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि आपल्या बहिणीवरून तिचे नाव जेनी ठेवले. तिच्याबरोबर जन्मलेला भाऊ मारला गेला होता. 1883 साली सुटीवर जाताना ह्या काळ्या चिमुरडीला घेऊन ती आईकडे गेली.

मला दोन मुली एकदम झाल्या तेव्हा कोणी मला रानात घातले नाही. पण बारशाला आलेल्या एका वडीलधाऱ्या बाईने पाळण्यात डोकावून कपाळाला हात लावला आणि ओटीचे तांदूळ तसेच पिशवीत ठेवून चालती झाली. आमच्या सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी आपले जुने लुगडे काढले आणि पाळण्याशेजारी दुसरी झोळी बांधली. हे मी आजवर कोणाजवळ बोलले नव्हते.

1886 च्या सुमारास मेरीची आई आणि जेनी बहीण काही महिन्यांच्या अंतराने वारल्या. दुसरी बहीण आधीच गेली होती. रोजची गंमत, रोजची चिंता कळवायला आता घरी कोणी राहिले नाही. तिने मग मिशनकडे आणखी आत, ओकोयाँग मुलखात जाण्याची परवानगी मागितली. तिथे किनाऱ्यावरचा माणूसही जायला भीत असे. 1888 च्या ऑगस्टात क्रीक टाउनच्या एयो राजाने आपली होडी दिली, आणि भर पावसात पाच पोरे बरोबर घेऊन ही एकेंगे गावी जाऊन पोहोचली.

एकेंगेचा मुखिया एडेम. त्याची विधवा बहीण मा एमे. माझ्या मते ह्या चरित्रातली दुसरी मोठी स्त्री हीच, पण तिचे नाव कोणी घेत नाही. एमेने धर्म बदलला नाही, जुन्या चालीरीती सोडल्या नाहीत, तरी रक्तपात तिला बघवत नसे. दोघींनी एक खूण ठरवली. गावात कुठे काही घातपात शिजू लागला की एमेने एक ठराविक बाटली औषध भरून देण्यासाठी मेरीकडे पाठवायची. बाटली आली की मेरीने समजायचे, आणि त्या रात्री निजायचे नाही. पुरुषांना वाटे, ह्या गोऱ्या बाईला सारे आधी कळते, हिच्याजवळ काही विद्या आहे. विद्या कसली, शेजारणीने पाठवलेली बाटली होती ती!

एकदा मुखियाचा तरुण मुलगा एटिम घराचे लाकूड अंगावर पडून मेला. अपघात हा शब्द त्यांना मान्य नव्हता. कोणीतरी करणी केली म्हणून मांत्रिकाने एका गावाकडे बोट दाखवले, आणि तिथली माणसे, अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आयासुद्धा, साखळ्या घालून आणली गेली. विषारी बी खायला घालून त्यांची परीक्षा करायची होती. त्या बीला कालाबारचे बी म्हणतात. त्यातूनच डोळ्यांच्या काचबिंदूवर चालणारे औषध निघाले. मेरीने काय करावे? मिशनच्या पेटीतले रेशमी कपडे काढून मृताला सजवले, डोक्याला रेशमी पागोटे बांधून त्यावर पिसे लावलेली टोपी घातली, हाती काठी दिली, वर छत्री धरली आणि समोर आरसा ठेवला, म्हणजे त्याला स्वतःचा थाट दिसावा. एवढा सन्मान कोणत्याही मुखियाच्या मुलाला मिळाला नव्हता. लोक पाहून हरखून गेले. पण बंदिवान सुटले नव्हते. मेरी दिवसामागून दिवस आणि रात्रीमागून रात्री त्यांच्यापाशी पहारा देत बसली. एकेकाला सोडवता सोडवता सगळे सुटले, आणि त्या मयताबरोबर माणूस न जाता एक गाय गेली. आपल्याकडे मिशनच्या पेटीत काय येते कोणास ठाऊक, पण स्कॉटलंडच्या चर्चमधल्या ज्या बायकांनी ते कपडे पाठवले, त्यांना स्वप्नातही वाटले नसेल की त्यांचा असा उपयोग होईल.

पण सगळ्यांत मला आवडली ती वाटेची गोष्ट. मेरी किंग्सली नावाची इंग्रज प्रवासी बाई 1895 साली तिच्याकडे राहून गेली, तिने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात ही हकीकत लिहिली आहे. इये नावाच्या एका गुलाम बाईला जुळी झाली. लोकांनी तिची भांडीकुंडी मोडली, मुलांना जिन दारूच्या रिकाम्या खोक्यात कोंबले, खोके तिच्या डोक्यावर दिले आणि हाकलून काढले. मेरीला निरोप मिळताच ती धावत सुटली. वाटेत गाठ पडली, तिने खोके आपल्या हाती घेतले. आता घरी न्यायचे, पण पुढची वाट बाजाराची. जुळ्यांच्या आईचे पाऊल त्या वाटेवर पडले तर लोक ती वाट टाकून देणार आणि रानातून दुसरी वाट काढायचे कष्ट सगळ्यांना पडणार. मेरी तिथेच थांबली. दोन माणसांनी तिच्या घराच्या मागच्या बाजूने झाडी तोडत नवी वाट पाडली, आणि तोपर्यंत भर उन्हात ती खोके घेऊन बाळंतिणीसह उभी राहिली.

मी निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. थोरलीला म्हटले, पुन्हा वाच. मेरीला ती समजूत खोटी आहे हे ठाऊक होते. तिला सरळ त्या वाटेने तरातरा जाता आले असते. पण बाजाराला जाणाऱ्या इतर बायकांची वाट तिने मोडली नाही, आणि इयेलाही सोडले नाही. त्या खोक्यातला मुलगा मेलेला निघाला. मुलगी जगली. तिचे नाव सूझी ठेवले, आणि ती घरातली सर्वांची लाडकी झाली. सव्वा वर्षाच्या आत एके दिवशी उकळते पाणी अंगावर सांडून ती भाजली आणि गेली. इतक्या मुलांना जिने पुरले, तिला हिचे दुःख आवरेना. थोरलीचाही आवाज हे वाचताना घोगरा झाला.

लग्नाचेही सांगायला हवे. चार्ल्स मॉरिसन नावाचे मिशनचे तरुण शिक्षक होते, तिच्याहून अठरा वर्षांनी लहान. दोघांचे जमले, सुटीवर असताना तिने बोटात अंगठीही घातली होती. तिची अट एकच, त्याने ओकोयाँगला यावे, कारण ती ते सोडणार नाही. मिशनच्या कारभाऱ्यांनी त्याला तिकडे पाठवण्यास नकार दिला. त्याची प्रकृती ढासळली, तो परत गेला आणि पुढे अमेरिकेत वारला. तिने ह्याचा बोभाटा केला नाही. मला मात्र त्या कारभाऱ्यांचा राग आला तो आलाच.

1892 साली इंग्रज सरकारने तिला ओकोयाँगची उपवकील नेमले आणि न्यायनिवाड्याचे काम तिच्याकडे दिले. इंग्रजी साम्राज्यात असे काम करणारी ती पहिलीच बाई असे सांगतात. पुरुष तासनतास वाद घालीत, ही आपले विणकाम करीत ऐकत बसे आणि शेवटी निकाल देई. एखादा मुखिया फार गुरगुरला तर त्याच्या कानशिलात द्यायलाही कमी करीत नसे. हीच बाई सुटीवर मायदेशी गेली की सभेत पुरुष बसलेले दिसताच तिची बोबडी वळे, आणि एकटीने रस्ता ओलांडायला ती घाबरे. माणूस असा असतो.

इथे धाकटीने मला टोकले. तिचे म्हणणे, दुसऱ्यांच्या देशात जाऊन न्याय करण्याचा इंग्रजांना काय अधिकार? ती जिन दारूही गोऱ्या व्यापाऱ्यांनीच तिकडे नेली. मला तिचे पटले. 1901-02 साली इंग्रजांची पलटण आरोचुक्वू मुलखावर चालून गेली, आणि मिशन तिकडे गेले ते पलटणीमागून, हे पुस्तकातही आहे. मेरी त्या सरकारची पगारी नसली तरी अधिकारी होती, हे झाकून उपयोग नाही. पण ओकोयाँगला ती गेली तेव्हा तिच्यापाशी शिपाई नव्हता. होती ती पाच पोरे आणि पुढे एमेची बाटली.

पुढे ती इटू, इकोट ओबोंग, उसे अशी पुढेपुढेच जात राहिली. 1905 मध्ये इकोट ओबोंगच्या न्यायसभेची उपाध्यक्ष झाली. साठीच्या आसपास सायकल शिकली. पाय थकले तेव्हा पोरे तिला चाकांच्या खुर्चीवजा गाडीत बसवून ढकलीत. उसे येथे निराधार बायका आणि मुलींसाठी तिने वस्ती केली. 1913 साली तिला सेंट जॉन संस्थेचे रुपेरी पदक मिळाले, ते घेताना ती खाली मान घालून बसली होती म्हणे. मायदेशात तिची आठवण अशी की 1997 साली स्कॉटलंडच्या एका बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर तिचे चित्र छापले. गिरणीत अर्धवेळ राबलेली पोर नोटेवर!

13 जानेवारी 1915 रोजी पहाटे उसे गावी, मातीच्या घरात, जेनी आणि इतर मुली उशापायथ्याशी असताना तिने डोळे मिटले. तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती. देह होडीने ड्यूक टाउनला नेला. सरकारी कचेऱ्यांवरचे झेंडे खाली उतरवले, साहेब लोक आणि शाळांची मुले रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिली. टेकडीवरच्या दफनभूमीत तिथल्या बायकांनी हंबरडा फोडला. जमेकाहून आलेली ती फुलरबाई तिथे होती. 1876 साली मेरी जहाजातून प्रथम उतरली तेव्हाही ती तिथे होती. आता फार म्हातारी झाली होती. ती खड्ड्याच्या उशाशी चटईवर बसली आणि बायकांना रडू नका म्हणून गप्प करू लागली.